चित्रं गावोगाव फिरवून मदत गोळा करायची, की सरळ पैसेच द्यायचे?

तापीकाठचा
मागच्या महिन्यात ओळखीच्या एका चित्रकाराचं फिरतं प्रदर्शन झालं, जळगाव मग धुळे मग शहादा. विक्रीचे पैसे सातपुड्याच्या आदिवासी भागातल्या धडगावकडच्या एका वसतिगृहाला गाद्या-ब्लँकेटसाठी. जळगावला तीन दिवस मी चित्रं उचलली, खिळे ठोकले, चहा वाटला, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो. तिन्ही गावं मिळून विक्री १,१०,००० आणि खर्च ६७,०००. हॉलभाडं, फ्रेमा, टेम्पो, बॅनर, पाहुण्यांच्या शाली-नारळ (हे तर अजून कळलं नाही मला, मदतीच्या कार्यक्रमात शाल कोणाला आणि कशाला). म्हणजे वसतिगृहाच्या हातात ४३,०००. एवढ्या लोकांनी एक भरीत पार्टी ठेवून डबा फिरवला असता तरी याच्यापेक्षा जास्त जमले असते आणि वर पोटभर भरीत-पुरी. माझं मत सरळ आहे, चित्र विकायचं तर चित्र म्हणून विका आणि मदत करायची तर खिशातून करा, दोन्हीची खिचडी केली की चित्रही स्वस्त होतं आणि मदतही.

अमळनेरची मास्तरीण
भाऊ तुमचा हिशोब बरोबर आहे पण अर्धाच आहे. मी २६ वर्षं चित्रकला शिकवली, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी खरं तैलचित्र जवळून पाहिलेलं नसायचं, पुस्तकात छापलेलं सोडून. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर, तिथेही सहलीत धावतपळत. मुंबईची गॅलरी इकडे येत नाही आणि इथला माणूस तिकडे जात नाही, मग कोणीतरी टेम्पोत घालून चित्रं आणली तर त्या ६७,००० मधले थोडे तरी आमच्या पोरांच्या डोळ्यांवर खर्च झाले असं धरा की. आणि ही काही आजची टूम नाही. पिकासोचं गेर्निका हे चित्र १९३७ चं, बाँबहल्ल्यात बेचिराख झालेल्या गावावरचं, ते स्पेनच्या निर्वासितांच्या मदतीसाठी गावोगाव फिरलंच ना, लंडनला १९३९ मध्ये लावलं तेव्हा लोक सैनिकांसाठी बूट आणून चित्रापाशी ठेवायचे, मँचेस्टरला तर मोटारींच्या शोरूममध्ये लावलं होतं. शोरूममध्ये चालतं तर आपल्या मंगल कार्यालयात का नाही चालणार?

भुसावळ जंक्शन
मास्तरीणबाई, त्याच गेर्निकाचं पुढे काय झालं तेही सांगा. पावणेआठ मीटर लांब कॅनव्हास गुंडाळ, उलगड, परत गुंडाळ, शेवटी इतकं खराब झालं की न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने बाहेर द्यायचंच बंद केलं. आमच्या भुसावळला रॉबर्ट गिलची कबर आहे. या माणसाने १८४४ पासून अजिंठ्यात बसून वर्षानुवर्षं भित्तिचित्रांच्या नकला केल्या, त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला शाळावाल्यांनी परत नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच लंडनला १८८५ मध्ये जळाल्या. फिरवा, पण विमा काढता का कोणी? शहाद्याला जाताना टेम्पोवर ताडपत्री तरी होती का?

तापीकाठचा
होती. फाटकी.

चाळीसगावकर
मला वेगळंच सुचतं. आमच्या गावात छायाचित्रकार केकी मूस होऊन गेले, १९१२ ते १९८९. जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर पडले नाहीत म्हणतात, टेबलावर मांडणी करून फोटो काढायचे, आणि फोटो मात्र देशोदेशीच्या स्पर्धांना जाऊन पदकं घेऊन यायचे. माणूस घरात, काम जगभर. मला त्यामुळे या फिरत्या चित्रकारांचं सगळं अवघड जातं, प्रत्येक गावात रिबीन, प्रत्येक गावात सेल्फी, बातमीत फोटो चित्राचा नाही तर चित्रकाराचाच. धर्मादायाच्या नावाखाली स्वतःचीच जाहिरात चालते.

अमळनेरची मास्तरीण
चाळीसगावकर, जाहिरात झाली तर बिघडलं काय? चित्रकाराला घर नसतं का? वर्षभर रंग-कॅनव्हास स्वतःच्या पैशाने आणि विक्री सगळी दान, वर तुम्ही म्हणणार फोटो पण नको. डॉक्टर आठवड्यातून एक दिवस फुकट तपासतो तेव्हा त्याच्या पाटीवर कोणी आक्षेप घेत नाही.

हिशोबी माणूस
एक कामाचं बोलतो, भावना नंतर. धुळ्याला दोघांनी माझ्याकडे विचारलं की चित्र घेतलं तर ८०जी ची, म्हणजे दानावरच्या आयकर सवलतीची, पावती मिळेल का. नाही मिळत बाबांनो. चित्र घरी नेलं म्हणजे ती खरेदी झाली, दान नाही. दान द्यायचं तर नोंदणी असलेल्या संस्थेला वेगळं द्या, २,००० च्या वर रोख दिलं तर वजावट नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०जी विसराच. आयोजकांनी हॉलमध्ये पाटी लावायला पाहिजे होती की या चित्रातले किती रुपये वसतिगृहाला आणि किती खर्चाला. "सर्व उत्पन्न मदतीसाठी" असं छापायचं आणि शाल त्यातूनच आणायची, हे मला चालत नाही. प्रायोजक खर्चासाठी, विक्री मदतीसाठी, अशी दोन खाती ठेवली असती तर हा धागाच निघाला नसता.

सातपुड्याचा पोऱ्या
सगळं वाचलं. मी धडगाव तालुक्यातलाच. जळगाव झालं, धुळं झालं, शहादा झालं, ज्यांच्यासाठी चाललंय तिथे मात्र कोणी आलं नाही. शहाद्याला मी मुद्दाम गेलो होतो. एका चित्रात आमच्याकडची पोरगी होती, डोळे खोल, कपडे फाटके, चित्राला नाव दिलेलं भुकेवरून. ते ज्या फोटोवरून काढलं तो मला माहिती आहे कधीचा, होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारातला, ती पोरगी नवे कपडे आणि चांदी घालून हसत होती. चित्रात ते सगळं काढून टाकलं कारण हसणारी पोर विकली जात नाही. कुपोषण आमच्याकडे आहे, खोटं नाही, पण आम्ही फक्त तेवढेच नाही. गाद्या घेऊ, नाही कशाला म्हणू, पण तिच्या आईला एकदा विचारायला पाहिजे होतं का नाही?

तापीकाठचा
दादा, हे मला माहिती नव्हतं. ते चित्र मीच भिंतीला लावलं, आणि खरं सांगतो, सगळ्यात आधी तेच विकलं गेलं.

चाळीसगावकर
बघा आता. हाच माझा मुद्दा होता, मी रिबीन-सेल्फीत अडकलो.

अमळनेरची मास्तरीण
मी माझं मागे घेत नाही, पण याला उत्तर नाही माझ्याकडे. चित्रकार चित्तप्रसादांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लोकांमध्ये पायी फिरून चित्रं काढली, ज्याचं चित्र त्याचं नाव-गाव खाली लिहायचे. भूक त्यांनीही दाखवली, पण माणूस पुसला नाही. इथे नाव काय लिहिलं होतं हो, भूक की पोरीचं?

सातपुड्याचा पोऱ्या
पोरीचं नव्हतं.

तापीकाठचा
चित्रकाराला फोन केला, आधी चिडला, मग गप्प झाला. म्हणतो उरलेली चित्रं घेऊन धडगावला यायला तयार आहे, हॉल नको, वसतिगृहाच्या व्हरांड्यातच लावू, आणि त्या आईला भेटतो. पण फ्रेमांसकट चांदसैली घाट चढायचा म्हणजे काचा राहतील का, आणि गाडी कोणाची?

रावेरची केळी
माझी पिकअप आहे. केळी नसली की उभीच असते. काचा काढून केळीची पानं घाला मधे, काही होत नाही. डिझेल तुमचं.

हिशोबी माणूस
डिझेलची पावती घ्या.