मदत हवी आहे : विनिपेगच्या जुन्या पद्धतीच्या डेट स्क्वेअर्सचे सारण वाहते आणि तळाचा भुगा होतो

नमस्कार.

कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत घरोघरी केल्या जाणाऱ्या खजुराच्या चौकोनी वड्यांविषयी मला मदत हवी आहे. तिथे त्यांना डेट स्क्वेअर्स म्हणतात. खाली ओट्स, मैदा, ब्राउन शुगर आणि बटर यांच्या मिश्रणाचा दाबून बसवलेला थर असतो, मध्ये पाण्यात शिजवून घोटलेल्या खजुराचे सारण असते आणि वर त्याच मिश्रणाचा मोकळा, भुरभुरीत थर असतो. हे सारे ओव्हनमध्ये भाजून, थंड करून कापायचे असते. मी पुण्यात राहतो. गेल्या दीड महिन्यात या वड्या मी तीनदा केल्या आणि तिन्ही वेळा बिघडल्या. पुढच्या महिन्याच्या अखेरीस आईचे सहस्रचंद्रदर्शन आहे. काय करू, असे विचारल्यावर तिने ना साडी मागितली, ना प्रवास. ‘बाबाच्या वड्या मिळाल्या तर बघ’ एवढेच ती म्हणाली.

‘बाबा’ म्हणजे कोण, हे सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट कळणार नाही. १९७३ साली वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगला गेलो, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. शहराच्या उत्तर भागात, सेलकर्क अव्हेन्यूपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका युक्रेनी वंशाच्या विधवा बाईंच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. युक्रेनी भाषेत आजीला ‘बाबा’ म्हणतात. त्यांची नातवंडे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मी आणि माझी बहीणही म्हणू लागलो. वडिलांना आम्ही दादा म्हणत असल्यामुळे आमच्या घरात तो शब्द मोकळाच होता. माझी सख्खी आजी साताऱ्याला होती आणि तिचे पत्र महिन्यातून एकदा येई. शाळेतून आल्यावर बुटांवरचे बर्फ झटकायला लावणारी आणि हात धुतल्याखेरीज ताटलीला हात लावू न देणारी आजी मात्र हीच होती.

आई अंडे खात नसे. त्यामुळे शेजारपाजारचे केक, बिस्किटे, ‘पाय’ नावाचे सारण भरून भाजलेले पदार्थ यांतले बहुतेक तिला चालत नसत आणि कुणाकडे गेल्यावर ती नुसता चहा घेऊन परत येई. बाबांच्या हे लक्षात आले तेव्हा त्यांनी या वड्या केल्या, कारण यांत अंडे मुळातच नसते. पूर्वी त्या बटरच्या जोडीने थोडी डुकराची चरबीही घालत असत. आईला ती चालणार नाही हे कळल्यावर त्यांनी चरबी कायमची बंद केली आणि स्वतःच्या मुलांसाठी करतानासुद्धा नुसते बटर वापरू लागल्या. ही गोष्ट आई अजूनही सांगते. सांगताना तिचा आवाज बदलतो.

या वड्या बाबांच्या माहेरच्या नव्हत्या. ६ जानेवारीला, म्हणजे त्यांच्या जुन्या पंचांगानुसार नाताळच्या आदल्या रात्री, त्या मांस न घालता बारा पदार्थ करत. त्यांत गहू, मध आणि खसखस यांचा एक पदार्थ असे, तो खाताना आईला गव्हाच्या खिरीची आठवण होई. शिवाय सुकवलेली सफरचंदे आणि प्लम शिजवून केलेले पेय असे. ते सारे त्यांचे स्वतःचे होते. खजुराच्या वड्या मात्र त्या चर्चच्या हॉलमध्ये इंग्रज आणि स्कॉटिश घरांतल्या बायकांकडून शिकल्या होत्या, आणि शरद ऋतूतल्या सामुदायिक जेवणासाठी त्यांचे दोन मोठे ट्रे घेऊन जात. ओट्स त्या प्रदेशात भरपूर पिकतात. खजूर तिथे पिकणे शक्य नाही, पण दाबून बांधलेल्या ठोकळ्यांच्या रूपात तो दुकानात मिळे आणि उणे तीस अंशांच्या हिवाळ्यात, ताजे फळ महाग असताना, महिनोन्महिने टिके.

आता मुख्य अडचण. १९८५ साली आम्ही कायमचे पुण्याला परतलो, तेव्हा आईने बाबांना विचारून कृती वहीत उतरवून घेतली होती. ती अक्षरशः अशी आहे : ‘ओट्स पावणेदोन वाट्या, मैदा दीड वाटी, ब्राउन साखर १ वाटी दाबून, लोणी पाऊण वाटी, सोडा अर्धा चमचा. खजूर १ पौंड, पाणी १ वाटी, लिंबू. ९ इंची भांडे. ३५० वर ३५ मि.’ शेवटी वेगळ्या शाईने एक ओळ आहे : ‘खालचा तळहाताने दाबणे, वरचा अजिबात दाबू नये.’ पुण्यात ओव्हन नव्हता, मग आला तो लहान होता, मग वडिलांचे आजारपण आले, आणि या वड्या आईने परत आल्यावर एकदाही केल्या नाहीत. आता तिला ओट्याशी उभे राहवत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि मी करतो ते बघते.

पहिल्या वेळी मी वहीतला शब्द प्रमाण मानून घरी कढवायला ठेवलेले लोणीच वापरले. मिश्रण आधी चिकट झाले आणि भाजल्यावर कडक झाले. शिवाय त्याला ताकाचा वास येत होता. दुसऱ्या वेळी बाजारातले मीठ घातलेले बटर घेतले आणि ब्राउन शुगरऐवजी गुळाची पावडर घातली. चव वाईट नव्हती, परंतु आईने एक घास खाऊन ‘ही संक्रांतीची वडी झाली’ असे म्हटले, आणि तिचे खरे होते. तिसऱ्या वेळी दुकानातून ब्राउन शुगर आणली. ती कोरडी, मोठ्या दाण्यांची निघाली. आई सांगते की बाबांची साखर ओल्या वाळूसारखी होती आणि वाटीत दाबून भरली की उपडी केल्यावर तिची मूद पडत असे. माझी साखर दाबल्यावर दबतच नाही, आणि भाजल्यावरही तिचे दाणे दाताखाली येत होते.

तिन्ही वेळा दोन दोष कायम राहिले. पहिला असा की सारण घट्ट होत नाही. मी मऊ, काळा, डब्यातला इराणी खजूर घेतो, बिया काढतो आणि वहीतल्याप्रमाणे वाटीभर पाण्यात शिजवतो. कापताना ते सुरीबरोबर बाहेर ओघळते आणि वडीचा वरचा थर घसरतो. दुसरा असा की तळ फार पातळ होतो, नऊ इंची टिनच्या कोपऱ्यांपर्यंत मिश्रण जेमतेम पुरते आणि वडी उचलली की तळ टिनमध्येच राहतो. मी घरातली स्टीलची वाटी वापरतो, तिच्यात मोजून १६० मिलिलिटर पाणी मावते. आईला विचारले तर ती म्हणते, ‘वाटी म्हणजे बाबाची वाटी, पत्र्याची, दांडीची.’ तिच्यात किती मावत असे, हे तिला आता सांगता येत नाही. ओव्हनचे तापमान मी १७५ सेल्सियस ठेवतो, कारण ३५० हा आकडा फॅरनहाइटमधला असणार.

बाबांची वाटी किती मोठी होती, ती ओलसर साखर इथे कशी मिळवावी आणि सारण धरून कसे ठेवावे, हे कृपया सांगावे. ओट्स कोणते घ्यावेत, तेही सांगितल्यास बरे होईल. मी झटपट शिजणारे घेतले होते. पदार्थ ‘सुधारण्याच्या’ सूचना, जसे की काजू-बदाम, वेलची किंवा चॉकलेट घालणे, या वेळी नकोत अशी नम्र विनंती आहे. मला नवी वडी करायची नाही, आईला आठवते ती करायची आहे.

प्रतिसाद १

नमस्कार दादा. मी गेली बावीस वर्षे मॅनिटोबाशेजारच्या सस्कॅचवान प्रांतात राहते. आमच्याकडे याच पदार्थाला जुनी माणसे मॅट्रिमोनियल केक, म्हणजे लग्नाचा केक म्हणतात, आणि लग्न असो की अंत्यविधीनंतरचा चहा, वड्यांच्या ताटात तो असतोच.

पत्र्याची, दांडीची वाटी म्हणजे इथला मोजण्याचा कप. जुना ब्रिटिश मापाचा असेल तर २२७ मिलिलिटरचा, अमेरिकन असेल तर २३७ चा आणि आताचा मेट्रिक असेल तर २५० चा. यांतला कोणताही एक घेतलात तरी चालेल, मात्र १६० ची वाटी चालणार नाही. तुमचा तळ पातळ होण्याचे कारण मला इथेच दिसते. ओट्स, मैदा, साखर सारे तुम्ही दोन-तृतीयांश घेतले, पण खजूर पौंडाने, म्हणजे पूर्ण ४५४ ग्रॅम घेतला. थर कमी आणि सारण पूर्ण, मग तो भार तळाला पेलणार कसा? वजनाने घ्यायचे तर साधारण १६० ग्रॅम ओट्स, १९० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर आणि १७० ग्रॅम बटर घ्यावे. वहीतले लोणी हे बटरच आहे. घरच्या लोण्यात ताकाचा आणि पाण्याचा अंश जास्त राहतो, त्यामुळे पहिला घाणा बिघडला.

आता खजूर. बाबांचा ठोकळ्याचा खजूर बराच कोरडा होता, त्याला कपभर पाणी लागत असे. डब्यातल्या इराणी खजुरात मुळातच ओलावा पुष्कळ असतो. त्याला पाव कप पाणी पुरे, किंवा तुमच्याकडे दाबलेला, पाकिटातला बिनबियांचा खजूर मिळतो तो घ्या आणि पाणी पाऊण कपापासून सुरू करा. खारीक मात्र घेऊ नका. शिजवताना चिमूटभर सोडा घातला तर साली लवकर विरघळतात. कढईत पळी फिरवल्यावर तळ दिसला आणि दिसलेला तळ लगेच भरून आला नाही, की सारण झाले. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. सारण पूर्ण गार झाल्याखेरीज थरावर पसरू नका. गरम पसरले की खालचे बटर वितळते आणि तळ सारणात मिसळून जातो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, केवळ साखर आणि ओव्हन यांविषयी लिहितो. तिथली ब्राउन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेला उसाची मळी चोळून केलेली साखर. कोल्हापूरकडची काकवी सहज मिळत असेल तर २०० ग्रॅम बारीक साखरेला एक मोठा चमचा काकवी बोटांनी चोळावी. रंग एकसारखा होईपर्यंत, म्हणजे पाच-सात मिनिटे, कंटाळा न करता. तिची मूद पडते, मी पाहिले आहे. चव मळीपेक्षा थोडी सौम्य येते, पण गुळाची येत नाही.

बटर फ्रिजमधून काढून लगेच तुकडे करून मिश्रणात चोळावे. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतो तसेच, आणि परीक्षाही तीच : मुटका वळला पाहिजे आणि बोटाने दाबल्यावर फुटला पाहिजे. मीठ घातलेले बटर असेल तर वेगळे मीठ नको. ओट्स मोठ्या पाकळ्यांचे घ्यावेत, झटपट शिजणाऱ्यांचा थर पिठूळ होतो. ओटीजीमध्ये, म्हणजे घरगुती लहान विजेच्या ओव्हनमध्ये, खालची आणि वरची अशा दोन्ही कांड्या चालू ठेवून आधी पंधरा मिनिटे तापवावे आणि टिन मधल्या फळीवर ठेवावा. टिनमध्ये बटर पेपर असा घालावा की दोन बाजूंनी बाहेर राहील, म्हणजे सगळी लादी एकदम उचलता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच दिवशी कापू नये. रात्रभर राहू द्यावे.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी २३७ च्या कपाने सारे मोजले, काकवी चोळलेली साखर घेतली आणि पाकिटातला दाबलेला खजूर पाऊण कप पाण्यात शिजवला. साखर चोळून झाल्यावर कपात दाबून आईसमोरच्या ताटलीत उपडी केली. मूद पडली. आईने तिच्यावर बोट ठेवून पाहिले आणि ‘हीच’ म्हणाली. वरचा थर पसरताना माझा हात सवयीने दाबायला गेला तेव्हा तिने खुर्चीतूनच ओरडून थांबवले.

आज सकाळी कापल्या. सोळा वड्या झाल्या आणि सोळाही अखंड निघाल्या. सारण जागेवर राहिले, तळ टिनला चिकटला नाही. आईला कोपऱ्याची वडी दिली, कारण कोपऱ्याच्या दोन कडा खमंग होतात आणि बाबा ती नेहमी तिच्यासाठी बाजूला ठेवत. तिने आधी वडी उलटी करून तळ पाहिला, मग खाल्ली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘लिंबू जरा जास्त झाले. बाबा अर्धेच पिळायची.’

पुढच्या घाण्याला अर्धे लिंबू घेतो.