मधुमेही पायाचं बोट काळं पडलंय: आधी बोट काढायचं की आधी बायपास?

शल्य_ग्रामीण
तालुक्याच्या दवाखान्यात वारंवार येणारा पेच. साठीचा रुग्ण, जुना मधुमेह, विडी चालू. एक बोट काळं, कोरडं. रात्री कळ इतकी की पाय खाटेखाली सोडून बसावं लागतं. जांघेत नाडी लागते, गुडघ्यामागे लागत नाही. एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर, रक्त कमी पडलं की ते घटतं) मात्र १.४. बोट काढावं की आधी बायपाससाठी (बंद धमनीला वळसा देऊन रक्त खाली नेण्याचं ऑपरेशन) पुढे पाठवावं? पाठवायचंच तर काय सांभाळावं?

धमनी_सर्जन
सर, त्या १.४ वर अजिबात विसंबू नका. मधुमेहात घोट्याच्या धमन्यांत कॅल्शियम साचतं, दाब मोजायच्या पट्ट्याने त्या दबत नाहीत आणि आकडा फुगतो. पायाच्या अंगठ्यातला दाब मोजा. तो पाऱ्याच्या ३० मिमीच्या खाली असेल तर जखम भरण्याइतकं रक्त तिथे पोचत नाही.

बोट कोरडं असेल तर हात लावू नका. कोरडं ड्रेसिंग करा आणि रुग्णाला लगेच पाठवा. रक्त नसलेल्या पायावर बोट काढलं की कडा काळ्या पडतात, मग अर्धं पाऊल जातं, मग गुडघ्याखालून पाय. पू, दुर्गंधी किंवा वर चढणारी लाली असेल तर गोष्ट वेगळी: त्याच दिवशी पू मोकळा करा, अँटिबायोटिक सुरू करा, रक्तपुरवठ्याचं काम त्यापाठोपाठ.

बायपास की बलून (धमनी आतून फुगवून मोकळी करणं), हे बरंचसं रुग्णाच्या शिरेवर ठरतं. ग्रेट सॅफेनस शीर (पायाच्या आतल्या बाजूची लांब शीर, बायपासला नळी म्हणून हीच वापरतात) एकसंध आणि निदान ३ मिमी हवी, शिवाय खाली जोडायला पावलापर्यंत वाहणारी एक तरी धमनी हवी. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत (१,८३० रुग्ण) अशी शीर असलेल्यांत बायपास सरस ठरला. २०२३ च्या बेसिल-२ मध्ये गुडघ्याखालच्या आजारात उलट निकाल आला, पण तो फरक मुख्यतः बायपास गटातल्या जास्त मृत्यूंमुळे होता. म्हणून हृदय, किडनी आणि वय पाहिल्याशिवाय मी कुणालाही बायपास सुचवत नाही.

डॉप्लर_कक्ष
शीर मोजताना रुग्णाला उभं करा किंवा पाय खाली सोडून बसवा, खोली उबदार ठेवा. थंडीत, आडव्या रुग्णात चांगली शीरही बारीक दिसते आणि उगाच नाकारली जाते. एक कळकळीची विनंती: अशा रुग्णाच्या घोट्याजवळच्या शिरेत सलाईन लावू नका. तीच शीर उद्या ग्राफ्ट (बायपासची नळी) होणार असते.

शल्य_ग्रामीण
त्याच पायातली शीर मिळालीच नाही तर?

धमनी_सर्जन
दुसऱ्या पायातली, नाहीतर हातातली. कृत्रिम नळी (पीटीएफई प्लास्टिकची) गुडघ्याच्या वर बरी चालते, खाली लवकर बंद पडते.

शीर उलटी (वरचं टोक खाली) करून लावली तर तिच्यातल्या झडपा रक्ताला आडव्या येत नाहीत. जागेवरच ठेवली तर झडपा कापाव्याच लागतात, एखादी राहिली की प्रवाह अडतो. धमनीला क्लॅम्प (चिमटा) लावण्याआधी हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), साधारण ५,००० युनिट. खालचा जोड ७-० पॉलिप्रोपिलीनच्या बारीक धाग्याने. ग्राफ्ट बोगद्यातून ओढताना पीळ पडतो, म्हणून शीर फुगवलेली असतानाच तिच्यावर शाईची सरळ रेघ मारून घ्यावी. जखम शिवण्याआधी टेबलावरच अँजिओग्राम (औषध सोडून घेतलेला धमनीचा एक्स-रे) किंवा डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) हवाच. पहिल्या महिन्यात ग्राफ्ट बंद पडला तर कारण बहुधा तांत्रिक असतं. पुढे दोन वर्षांपर्यंत जोडाशी आतलं अस्तर जाड होतं.

डॉप्लर_कक्ष
हे जाड होणं रुग्णाला जाणवत नाही, म्हणून ४ ते ६ आठवड्यांनी, मग ३, ६ आणि १२ महिन्यांनी स्कॅन. एखाद्या जागी रक्ताचा वेग ३०० सेंमी/सेकंदाच्या वर आणि शेजारच्या भागाच्या साडेतीनपट असेल, किंवा अख्ख्या ग्राफ्टमध्ये ४५ सेंमी/सेकंदाच्या खाली असेल, तर ग्राफ्ट चालू असतानाच दुरुस्त करायचा. एकदा गोठला की वाचवणं फार अवघड.

वॉर्ड_सिस्टर
बायपास करून परत आलेल्या रुग्णाबद्दल: पायाला सूज काही आठवडे राहते, तेवढ्याने घाबरू नये. पण पहिल्या एक-दोन दिवसांत पोटरी दगडासारखी घट्ट झाली आणि बोटं हलवताना असह्य दुखलं तर पोटरीतला दाब वाढलाय. नाडी लागत असली तरी थांबायचं नाही, काही तासांतच पोटरी उघडावी लागते. पाय अचानक गार, पांढरा, बधिर झाला तर ग्राफ्ट बंद पडलाय असं धरा आणि सर्जनला फोन करून, हेपरिनचं विचारून, रात्रीच रवाना करा. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सुटू देऊ नका. विडीबरोबर मिश्री आणि तंबाखूबद्दलही स्पष्ट विचारा, बरेच जण ते धरतच नाहीत.