ॲसाटीगच्या वाळूत डबी लपवू द्यावी का?

वाळूमोज
इथे मेरीलँड-व्हर्जिनियाकडचे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. जिओकॅशिंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोणीतरी नोंदवही घातलेली डबी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे जीपीएसवर ती हुडकतात, वहीत सही करतात आणि डबी होती तिथे परत ठेवतात. (यातल्या 'कॅश'चा रोकडीशी संबंध नाही.) मे 2000 मध्ये नागरी जीपीएसमधली मुद्दाम घातलेली चूक अमेरिकी सरकारने काढून टाकली आणि लगेच दुसऱ्या दिवशी ऑरेगनमध्ये पहिली डबी लपली.

ॲसाटीग म्हणजे अटलांटिकच्या कडेने पसरलेलं साधारण 60 किलोमीटर लांबीचं वाळूचं बेट. 1965 पासून राष्ट्रीय सागरकिनारा. राष्ट्रीय उद्यानांच्या नियमाप्रमाणे सामान 24 तासांहून जास्त बेवारस सोडता येत नाही, त्यामुळे अधीक्षकांच्या परवानगीशिवाय ठेवलेली डबी म्हणजे बेवारस सामान.

माझ्या मते इथे तरी हा नियम बरोबर आहे. फोनचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही 5 मीटर चुकतो. लपवणाऱ्याची 5 मीटर आणि शोधणाऱ्याची 5 मीटर चूक एकमेकींच्या उलट दिशेने गेली तर 10 मीटर त्रिज्येचं वर्तुळ पालथं घालावं लागतं, म्हणजे 314 चौरस मीटर. शहरात बाकाखाली हात घातला की काम झालं. वाळूच्या टेकाडावर खूण म्हणून असतं फक्त गवत, आणि त्या गवताच्या आडव्या मुळांनीच तर टेकाड धरून ठेवलेलं असतं. दहा जण एकाच जागी फिरले की वाट पडते, वाटेत वारा शिरतो आणि वाळू उडायला लागते. शिवाय पायपिंग प्लोव्हर हा पक्षी, आपल्या चिखल्याचा भाऊबंद. उथळ खळग्यात वाळूच्याच रंगाची चार अंडी. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

डबीबहाद्दर
टेकाडावर ठेवा म्हणतंय कोण? वाहनतळाचा कठडा आहे, लाकडी पदपथाचा खांब आहे. अधीक्षकांना परवानगी देता येते, तर तपासून द्यावी की.

आणि प्रमाण बघा ना. याच बेटावर परवाना काढून किनाऱ्यावर फोर बाय फोर नेता येते. टायरमधली हवा 15 पीएसआय दाबापर्यंत उतरवायची, सोबत फावडं, जॅक, जॅकखाली फळी, ओढायचा दोर आणि कमी दाबाचा गेज ठेवायचा. हरणांची शिकार चालते. रानटी घोडे दिवसभर तेच गवत चरतात. आणि पाव लिटरच्या डबीने बेट वाहून जाणार?

वाळूमोज
घोड्यांचा दाखला तुमच्यावरच उलटतो. चरणं बेटाला झेपेना म्हणूनच मेरीलँडच्या कळपातल्या घोड्यांना 1994 पासून डार्ट मारून गर्भनिरोधक लस देणं सुरू झालं. गाड्यांचा पट्टा आखलेला आहे आणि पक्षी अंड्यावर बसले की त्यातला भाग पाटी लावून बंद होतो.

डबीला पाटी कोण लावणार? संकेतस्थळावर ती 'तात्पुरती बंद' केली तरी ज्याने यादी आठवडाभर आधी फोनमध्ये उतरवून घेतली त्याला चालूच दिसते. वेळासला कासवाची पिल्लं बघायला आलेली गर्दी दोरीच्या अलीकडे थांबते, कारण दोरी डोळ्यांना दिसते. अक्षांश-रेखांशाला दोरी कळत नाही.

मिठागर
दोघांनीही डबी टिकेल असं धरूनच चाललंय. इथे काय होतं ते सांगतो.

पत्र्याची दारूगोळ्याची पेटी: आधी बिजागरीला गंज, मग झाकण उघडेना. चार कड्यांचा प्लास्टिक डबा: उन्हाने कडी ठिसूळ होते आणि तुटते. लोहचुंबकाची नळी: निकेलचा मुलामा खरवडला की आतला चुंबक फुगतो, भुगा होतो. आटे असलेल्या, फिरवून लावायच्या झाकणाची बाटली सगळ्यांत बरी, पण आट्यांत एक वाळूचा कण अडकला की संपलं. दिवसा आतली हवा तापून बाहेर जाते, रात्री गार झाली की दमट हवा आत ओढली जाते. मग वहीचा लगदा. ओल शोषणारं सिलिका जेल अशा डबीत फार दिवस पुरत नाही. आत कोणी सुगंधी किंवा खायचं काही टाकलं तर रॅकून ती फोडणारच.

आणि मोठं वादळ आलं की लाट बेटावरून आरपार जाते. मग तुमची डबी म्हणजे खाडीतला कचरा.

डबीबहाद्दर
देखभाल लपवणाऱ्याने करायची असते, हा खेळाचाच नियम आहे. पुरण्यालाही बंदीच आहे. बेजबाबदार माणसांमुळे सगळ्यांना का शिक्षा?

खाडीकाठ
डबीशिवायही खेळता येतं. 2004 पासून अर्थकॅश आहे: दिलेल्या जागी जायचं, भूगर्भाविषयीच्या प्रश्नांची उत्तरं ती जागा नोंदवणाऱ्याला पाठवायची. ॲसाटीगवर तर आयती जागा आहे. टेकाडांतल्या पायवाटेवर डांबराचे फुटके तुकडे दिसतात, कडा झिजलेल्या, अर्धे वाळूत. वसाहत वसवायला केलेल्या बाल्टिमोर बुलेव्हार्डचे हे अवशेष. मार्च 1962 च्या वादळाने रस्ता उखडला, वसाहतीचा बेतही बारगळला आणि म्हणून तर राष्ट्रीय किनारा झाला.

मात्र प्रश्न नीट घाला. 'टेकाडाची उंची मोजा' असं विचारलंत तर लोक चढणारच. 'वाटेवरूनच बघून सांगा, डांबरावर कुठल्या बाजूने जास्त वाळू चढली आहे आणि का' हे चालेल. याची नोंद करण्यासाठीही उद्यानाची संमती घ्यायचीच.

डबीबहाद्दर
उत्तरं गूगलवर मिळतात. सही करायची मजा त्यात नाही.

खाडीकाठ
मग सही उद्यानाबाहेर ठेवा. बेटावरच्या पाट्यांवरून अंक गोळा करायला लावायचे (सूत्र N 38° 1A.BCD असं काहीसं) आणि डबी मुख्य भूमीवर, जागामालकाच्या लेखी परवानगीने. अक्षांशाच्या मिनिटातला तिसरा दशांश अंक एकाने चुकला तर माणूस 1.85 मीटर भरकटतो, पहिला चुकला तर 185. म्हणून सगळ्या अंकांची बेरीज पडताळ्याला द्या, नाहीतर लोक कोणाच्या तरी परसात घुसतील. दुसऱ्या डबीपासून 161 मीटर अंतरही पाळावं लागेल.

वाळूमोज
हे मला मान्य. फक्त अंक कायम उभ्या पाट्यांवरून घ्या. वाळूतले खुंट हिवाळ्यात गायब होतात.

डबीबहाद्दर
वाहनतळाचा मुद्दा मी सोडलेला नाही. पण दक्षिणेला व्हर्जिनियात अभयारण्य आहे, मधे मेरीलँडचं राज्य उद्यान. तिथे कोणाला विचारायचं?

मिठागर
तिघांचे मालक तीन. अभयारण्य मत्स्य व वन्यजीव सेवेचं आहे, तिथे डबीचा विषयच काढू नका. राज्य उद्यानात तिथल्या कार्यालयाला जागेचा नकाशा आणि डबीचा फोटो दाखवून विचारा. आधी बिंदू नकाशावर टाकून तो कुंपणाच्या कुठल्या बाजूला पडतो ते बघा, फोनमधला 'ॲसाटीग' तिन्हींना एकच नाव देतो.