अ‍ॅनालॉग चिपचं परदेशी संशोधन: सोलापूरच्या वाट्याला काय?

चाटीगल्लीकर: पुतणीच्या कॉलेजात परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त संशोधन ठरतंय. विषय, छोटी पण अचूक अ‍ॅनालॉग सर्किटं, म्हणजे नुसत्या 0-1 वर नव्हे तर सलग कमीजास्त होणाऱ्या व्होल्टेजवर चालणारी. माझं मत स्पष्ट आहे: चिपचं मोजमाप इथं होणार नसेल तर करार नको. आपण सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल-चाचणी) करून फाइल पाठवायची अन् चिप तिकडं तपासायची, म्हणजे मजुरीवर माग चालवणंच की.

धोटा: अहो, सुरुवात तर होऊ द्या! 2020 मध्ये अमेरिकेच्या स्कायवॉटर या चिप कारखान्यानं गूगलबरोबर 130 नॅनोमीटरची (हे चिपवरच्या बारीकपणाचं माप) पीडीके, म्हणजे त्या कारखान्यासाठी चिप आखायला लागणारी नियम-माहितीची फाइल, खुली केली, पुढं जर्मनीच्या आयएचपी या संशोधन संस्थेनंही केली. चिप आखायचं मॅजिक, सिम्युलेशनचं एनजीस्पाइस ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. पूर्वी लायसन्सच्या किमतीतच गाडं अडायचं. आता लॅपटॉपवर भागतं.

चाटीगल्लीकर: तिथंच फसगत आहे. चिपवर शेजारशेजारचे दोन ट्रान्झिस्टर कधीच तंतोतंत सारखे निघत नाहीत. फिलिप्स कंपनीतले संशोधक पेलग्रोम यांनी 1989 मध्ये मांडलं, ही तफावत ट्रान्झिस्टरच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. तफावत निम्मी करायची तर जागा चौपट! मग 'छोटं' अन् 'अचूक' एकत्र नांदणार कसं?
आमच्याकडं एकाच रंगाच्या दोन लॉटचं सूत आलं की चादरीत पट्टा दिसतो, म्हणून ते आलटून पालटून लावतात. लेआउटवाले, म्हणजे चिपवरची मांडणी आखणारे, अ अन् ब अशा दोन ट्रान्झिस्टरचे तुकडे करून अ-ब-ब-अ मांडतात, तो हाच प्रकार. पण पट्टा गेला का, ते चादर उलगडल्यावरच कळतं.

सात रस्ता: परदेश कशाला? मोहालीच्या एससीएल या सरकारी चिप कारखान्यात 180 नॅनोमीटरवर चिप बनते. अ‍ॅनालॉगला तेवढं चिकार झालं.

धोटा: बनेल हो, पण शिकवणार कोण? चुकलेला लेआउट बघून 'इथं डमी (कडेचा बिनकामाचा ट्रान्झिस्टर) ठेव' म्हणणारा माणूस लागतो. तो परदेशातून व्हिडिओ कॉलवर भेटला तरी चालेल मला.

सात रस्ता: बरं, मोजमाप तरी इथंच का?

चाटीगल्लीकर: बँडगॅप रेफरन्स घ्या, म्हणजे तापमान बदललं तरी न हलणारं आधाराचं व्होल्टेज देणारं सर्किट. ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण 2 मिलिव्होल्टनं उतरतं. त्याला तापमानाबरोबर चढणारा हिस्सा जोडून 1.2 व्होल्टच्या आसपास स्थिर करतात. कागदावर झकास. आमच्या मळ्यातला ओलाव्याचा सेन्सर मात्र मे महिन्यात दुपारी एक सांगतो, रात्री दुसरंच.

धोटा: काका, चिप उन्हात ठेवून पेपर निघत नसतो. तापमान नियंत्रित करणारी पेटी लागते, चांगला मीटर लागतो.

चाटीगल्लीकर: मग तेच करारात मागा ना! पुतणीला विचारलं, चिप पहिल्यांदा कुणाच्या हातात येणार? म्हणाली, "काका, ते पान अजून कुणी वाचलेलंच नाही."