दख्खनचा लाव्हा की चिक्शुलुबचा लघुग्रह: पुरावा नेमका कशात पाहायचा?

खारघरवासी:
नमस्कार. शाळकरी मुलांना खारघरच्या टेकड्यांवर नेणाऱ्या आमच्या गटात सध्या एक वाद चालू आहे. एका व्याख्यानात वक्त्यांनी सांगितले की डायनोसॉर आपल्याच दख्खनच्या ज्वालामुखींमुळे नष्ट झाले. आमच्यातल्या एका सदस्यांच्या मते लघुग्रह आदळून मेक्सिकोत पडलेल्या विवराने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे, आणि दुसऱ्यांनी तर मुंबईच्या समुद्राखालीच ‘शिवा’ नावाचे प्रचंड विवर असल्याचे ऐकवले. ‘असे म्हणतात’ एवढे सांगून मुलांची बोळवण करायची नाही. खडकात काय सापडले म्हणजे आघात सिद्ध होतो, काय सापडले म्हणजे ज्वालामुखीवर संशय जातो, आणि डायनोसॉरचा काळ जेथे संपतो ती सीमारेषा ठाणे-नवी मुंबईच्या कातळात कोठे दाखवता येईल का?

घाटवाटा, ठाणे:
आघाताचा पुरावा अधिक रोखठोक आहे, म्हणून आधी तो सांगतो. इटलीतील गुब्बिओ गावाजवळ चुनखडकाच्या थरांमध्ये डायनोसॉर संपले त्या काळाची, जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची चिकणमाती आहे. तिच्या खालच्या खडकात सूक्ष्म सागरी जीवांची नाना तऱ्हेची, मोठाली कवचे सापडतात. वरच्या खडकात मात्र मोजक्या, बारीक जातीच उरतात. लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ हे पिता-पुत्र, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी त्या मातीतले इरिडियम मोजले, तेव्हा ते नेहमीच्या प्रमाणाच्या सुमारे 30 पट भरले. डेन्मार्कमधील त्याच काळाच्या थरात ते 160 पट होते. पृथ्वीच्या कवचात हा धातू नगण्य असतो आणि अशनींमध्ये त्या मानाने पुष्कळ, म्हणून सुमारे 10 किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला असावा, असे त्यांनी 1980 मध्ये मांडले.

पण नुसत्या इरिडियमवर भिस्त ठेवू नये. हवाईतील किलाउएआ ज्वालामुखीतून बाहेर पडणाऱ्या कणांतही ते आढळले आहे, आणि ज्वालामुखीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा मुद्दा लावून धरला तो रास्तच होता. निर्णायक ठरतो तो क्वार्ट्झ या खनिजाचा कण. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की एकमेकींना छेदणाऱ्या, अगदी जवळजवळ आखलेल्या समांतर रेषांचे संच दिसतात. स्फटिकाची रचना अशी मोडायला जो दाब क्षणार्धात यावा लागतो, तो कोणत्याही उद्रेकात निर्माण होत नाही. असे कण आणि वितळलेल्या खडकाचे थिजलेले काचमणी त्याच सीमाथरात सापडतात, आणि मेक्सिकोच्या आखाताकडे जावे तसतसा तो थर जाड होत जातो. तेथील चिक्शुलुबचे सुमारे 180 किलोमीटर व्यासाचे विवर तेलाच्या शोधातल्या सर्वेक्षणात आधीच लक्षात आले होते. या थराशी त्याचा संबंध 1991 मध्ये जोडला गेला. 2016 मध्ये विवरात केलेल्या खोल वेधनातून जो गाभा काढला, त्यातही पुढे इरिडियम मिळाले, आणि माझ्या मते आघात झाला की नाही ही चर्चा तेथेच संपते.

‘शिवा’ या कसोटीला उतरत नाही. मुंबई हायच्या परिसरातील समुद्रतळाचा खळगा म्हणजे विवर, ही कल्पना शंकर चटर्जी यांची. पण बहुतेक भूशास्त्रज्ञांना तिच्या बाजूने मान्य होईल असा आघाताचा खडकी पुरावा पुढे आलेला नाही. मुलांना खरे विवर दाखवायचे तर लोणारला न्यावे. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतेच, त्यामुळे तेथे पुरावा मिळतो तो फेल्डस्पारमध्ये: हे खनिज न वितळताच काचेत बदललेले आहे. अर्थात लोणारचा व्यास पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आणि वय फार अलीकडचे, तेव्हा त्याचा डायनोसॉरशी काहीही संबंध नाही.

सह्यपठार, नेरुळ:
वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण ‘चर्चा संपते’ हे आघात झाला की नाही यापुरतेच खरे. डायनोसॉर नष्ट होण्याचे, म्हणजे विलोपनाचे, श्रेय किंवा दोष कोणाकडे किती, हा प्रश्न कालमापनाचा आहे आणि तो अजून खुला आहे. दख्खनचा लाव्हा आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापतो आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते. त्याच्या थरांच्या गटांना नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आपल्या ओळखीची नावे आहेत. खरा पेच असा की यांतले किती थर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या त्या आघाताआधी साचले आणि किती नंतर.

2019 मध्ये याची दोन उत्तरे एकाच वेळी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने दोन लाव्हांच्या मधल्या लाल मातीच्या पट्ट्यांत पडलेल्या राखेतले झिरकॉन या खनिजाचे कण वेचून युरेनियम-शिसे पद्धतीने वये काढली. त्यांच्या हिशोबाने पोलादपूर गटाचा मोठा उद्रेक आघाताच्या काही दहा हजार वर्षे आधीच सुरू झाला होता. तेथीलच बर्कली विद्यापीठाच्या गटाने लाव्हातील फेल्डस्पारवर आर्गॉन पद्धत वापरली आणि सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतर बाहेर पडल्याचा निष्कर्ष काढला. आघाताच्या हादऱ्यानेच दख्खनच्या उद्रेकाला जोर आला असावा, असा तर्कही बर्कलीतूनच 2015 मध्ये पुढे आला होता. पहिले उत्तर खरे असेल तर तो तर्क लंगडा पडतो.

जुनी_नोंदवही, डोंबिवली:
एकाच विलोपनावर सारे लक्ष ठेवल्याने चित्र फसवे दिसते. सुमारे 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी, पर्मियन या भूशास्त्रीय कालखंडाच्या शेवटी, याहून कितीतरी मोठा संहार झाला आणि त्या काळाचे सर्वमान्य असे एकही विवर नाही. आहे तो सैबेरियाचा लाव्हा. तेथे शिलारस कोळशाच्या आणि मिठाच्या थरांत घुसला, ते भाजून निघाले आणि त्यांतून निघालेल्या वायूंनी हवा व समुद्र दोन्ही बिघडवले. म्हणजे लाव्हा किती यापेक्षा तो कशातून वर आला याला महत्त्व. त्यानंतरच्या ट्रायासिक कालखंडाच्या शेवटीही, 20 कोटी 10 लाख वर्षांपूर्वी, अटलांटिक उघडतानाच्या ज्वालामुखींकडेच बोट जाते. अशा काळातल्या सागरी गाळात पाऱ्याचे प्रमाण अचानक वाढलेले दिसते, आणि लाव्हापासून दूर असलेल्या ठिकाणी उद्रेकाची खूण म्हणून आता ते मोजले जाते.

उलट, कॅनडातील मॅनिकुआगन विवर सुमारे 100 किलोमीटरचे आहे, त्याचे वय 21 कोटी वर्षांहून अधिक, आणि त्या वेळी महाविलोपन झालेले नाही. दक्षिण अमेरिकेतील पाराना येथील अफाट लाव्हाच्या काळातही तसे काही घडले नाही. ‘विवर सापडले, म्हणजे खुनी सापडला’ हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लंगडा आहे. क्रिटेशिअस कालखंडाच्या शेवटी, म्हणजे डायनोसॉर संपले तेव्हा, माझा कौल मात्र लघुग्रहालाच: चिक्शुलुब जेथे आहे त्या युकातानच्या खडकात जिप्सम हे गंधकयुक्त खनिज होते, त्यातले गंधक आकाशात गेले आणि सूर्यप्रकाश अडला.

खारघरवासी:
सर्वांचे आभार. मग मुलांना ती सीमारेषा दाखवायला नेमके कोठे न्यावे?

घाटवाटा, ठाणे:
आपल्या परिसरात ती बोट ठेवून दाखवता येणार नाही, आणि तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. भारतात इरिडियमचा थर मेघालयात उम सोह्रिन्क्यू नदीकाठच्या सागरी गाळात नोंदला गेला आहे. कच्छमध्ये अंजारजवळ लाव्हांच्या मधल्या गाळात इरिडियमचे पट्टे मिळाले, परंतु ते एकापेक्षा अधिक असल्याने त्यांतला आघाताचा कोणता यावर वाद आहे. मुंबईतले बरेच ज्वालामुखी खडक तर, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसह, सुमारे 6 ते सव्वासहा कोटी वर्षांचे, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे निघाले आहेत. ‘या दगडाने डायनोसॉर मारले’ हे वाक्य तेथे तरी वापरू नये.

दाखवण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. माथेरानच्या कड्यात लाव्हाचे थर आडवे दिसतात आणि पनवेलच्या बाजूला तेच थर पश्चिमेकडे कललेले आढळतात. माळशेज घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यात दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टा दिसला, तर तेथे मुलांना थांबवावे: दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खडक कुजून माती तयार झाली आणि पुढच्या लाव्हाने ती झाकली. प्रिन्स्टनच्या गटाने झिरकॉन शोधले ते अशाच पट्ट्यांत. पावसाळ्यात दरडींमुळे हा कार्यक्रम टाळावा. नोव्हेंबरनंतर कडे कोरडे असतात आणि थर स्पष्ट दिसतात.