विमा आहे हो, पण ओपीडीचं काय?

"२०१७च्या कायद्यामुळे मानसिक आजार विम्यात आले, आता खर्चाची चिंता मिटली" असं कुणीतरी लिहिलंय. अर्धं खरं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २१(४) सांगतं, की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं. कायदा मे २०१८मध्ये लागू झाला, तरी कंपन्या रेंगाळल्या. शेवटी विमा नियामकाला ३१ ऑक्टोबर २०२२ ही मुदत घालून द्यावी लागली.

खरी गोम पुढेच आहे. बहुतेक पॉलिसी किमान २४ तास दाखल झाल्यावरच पैसे देतात. नैराश्याचा किंवा ओसीडीचा (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याचा आजार) पेशंट सहसा दाखल होतो कुठे? माझा मावसभाऊ दर पंधरवड्याला हाफ डे टाकून डोंबिवलीहून दादरला डॉक्टरांकडे जातो. फी, गोळ्या, समुपदेशन, सगळं खिशातून. क्लेम टाकला तर एका ओळीत उत्तर आलं, ॲडमिशन नाही. म्हणजे डॉक्टरांनी त्याला दाखल व्हायची वेळ येऊ दिली नाही, हाच त्याचा गुन्हा!

ओपीडी कव्हर, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचं संरक्षण, वेगळं मिळतं, पण घेण्याआधी वार्षिक मर्यादा आणि प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर क्लेम करता येईपर्यंतचा काळ) नीट वाचा. एजंट हे आपणहून सांगत नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. नियमित उपचार परवडत नसतील तर मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांची मानसोपचार ओपीडी आहेच. सकाळी लवकर जा, केसपेपरच्या रांगेतच तास जातो.