बिनगाण्याचे रहस्यपट
गाण्यांशिवाय रहस्यपट काढायची हिंमत हिंदीत रामूनेच (राम गोपाल वर्मा) 'कौन'मध्ये (१९९९) पहिल्यांदा दाखवली, असं म्हटलं जातं, ते काही पटलं नाही. 'कौन' मलाही आवडतो, दाराबाहेरून लाडीगोडी लावणारा मनोज वाजपेयी तर भन्नाटच. पण बी. आर. चोप्रांचा 'कानून' १९६०चा, एकही गाणं नाही. यश चोप्रांचा 'इत्तेफाक' १९६९चा. त्याच वर्षी 'आराधना'ची गाणी गल्लोगल्ली वाजत असताना राजेश खन्नाला घेऊन बिनगाण्याचा सिनेमा!

'इत्तेफाक' मूळचा 'धुम्मस' या गुजराती नाटकावरचा, म्हणून बहुतेक सगळा खेळ एका घरात, पावसाळी रात्री. 'कानून' आणि 'इत्तेफाक', दोन्हींचं पार्श्वसंगीत सलील चौधरींचं. आणि 'इत्तेफाक'मधली नंदा! एरवीची सोज्वळ बहीण-वहिनी, इथे तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाही तेच कळत नाही.